मग तुमचं काय निघालं?

बाळ जन्मलं की पहिल्या काही तासांत त्याच्या रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, एकदम उसळी घेतं. पोटातल्या उबेतून बाहेरच्या गारव्यात आल्यावर पिट्यूटरी ग्रंथी थायरॉइडला जोरात कामाला लावते, आणि हे अगदी निरोगी बाळातही होतं. दोन-तीन दिवसांत ती पातळी खाली येते. म्हणून जन्मजात थायरॉइडची कमतरता शोधायची तर टाचेतलं रक्त ४८ तास उलटल्यावर घ्यायचं, ७२ तासांच्या आसपास घेतलं तर उत्तमच. इकडे सरकारी रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात एकेका खाटेसाठी खोळंबा असतो. बाळंतपण सुरळीत झालं की बाई दुसऱ्या दिवशी घरी निघते. तिचं थोरलं मूल शेजारणीकडे असतं, नवऱ्याचा खाडा पडलेला असतो, बाहेर रिक्षा उभी असते. अशा वेळी मी तिला विचारते, ताई, उद्या सकाळपर्यंत थांबता का?

मी मुळात परिचारिका. पुढे अंतःस्रावी ग्रंथींच्या विभागात संशोधन समन्वयक म्हणून लागले आणि तिथेच रमले. थायरॉइड हा मुख्य विषय, त्याच्या जोडीला अ‍ॅड्रिनलचे जन्मजात विकार, पीसीओडीच्या मुली, पाळी थांबल्यानंतरच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायका. शोधनिबंधातले आकडे जिथून निघतात तिथे, म्हणजे रक्त घेताना, गोळ्या मोजताना, फोन लावताना, एसटीच्या तिकिटाचे पैसे हातावर ठेवताना, माझ्यासारखी माणसं असतात. त्या जागेवरून इतकी वर्षं जे दिसलं ते सांगायचं आहे.

टाचेतून रक्त घेणं हे काम बघणाऱ्याला किरकोळ वाटतं. टाच आधी कोमट कपड्याने शेकायची. टोचायचं ते टाचेच्या कडेला, मधोमध कधीच नाही, तिथे हाड जवळ असतं. पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा, कारण त्यात पेशींभोवतीचं पाणी मिसळलेलं असतं. दुसरा थेंब आपोआप मोठा होऊ द्यायचा आणि जाड टिपकागदावर छापलेल्या वर्तुळाला हलकेच टेकवायचा. रक्त कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत झिरपलं पाहिजे. घाईने टाच पिळली, एकाच वर्तुळात दोनदा थेंब टाकला, की प्रयोगशाळा नमुना परत पाठवते आणि तोपर्यंत बाळ गावी पोचलेलं असतं. कागद आडवा ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचा. पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही आणि उन्हात किंवा हीटरजवळ नेऊन चालत नाही. नव्या मुली कामाला येतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगते की बाळ अंगावर पीत असताना टोचा. बाळ कमी रडतं आणि आईचा जीवही थाऱ्यावर राहतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली होती. त्यात जन्मजात थायरॉइड कमतरतेचं प्रमाण ११३० बाळांमागे एक असं निघालं. पाश्चात्त्य देशांतून बरीच वर्षं तीन-चार हजारांमागे एक असा आकडा ऐकू येत असे, त्या मानाने हे पुष्कळ जास्त. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. मीना देसाई यांनी नवजात बाळांच्या थायरॉइडची तपासणी ऐंशीच्या दशकातच करून पाहिली होती. म्हणजे प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होता. गोव्यात २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू झाली, केरळनेही ती हाती घेतली. देशभरात प्रत्येक बाळाला ती अजून मिळत नाही. एक गोळी वेळेवर दिली तर जे मूल इतर मुलांसारखं वाढेल, ते केवळ तपासणी न झाल्यामुळे मंदबुद्धी राहतं, हे मला आजही सहन होत नाही.

आमच्या पद्धतीत टीएसएच २० च्या वर गेलं की बाळाला पुन्हा बोलवायचं आणि ४० च्या वर गेलं की त्याच दिवशी शोधायचं. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले पाहिजेत, कारण मेंदूची वाढ थांबून राहत नाही.

असंच एकदा ४० च्या कितीतरी वर गेलेला अहवाल हातात आला. आई ऊसतोड कामगार, बीडकडची. हंगामात इकडे कारखान्यावर आलेली. केसपेपरवर मोबाइल नंबर होता तो मुकादमाचा. त्याने आधी फोन उचलला नाही आणि उचलल्यावर म्हणाला, टोळी पुढच्या फडावर गेली. दवाखान्यातून फोन म्हणजे कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, कामावरून जाणार, ही त्याची धास्ती. त्याने उचल दिलेली, त्याचा हिशोब त्याच्या डोक्यात. मी त्याच्याशी वाद घातला नाही. अर्ध्या दिवसात परत सोडते, गाडीभाडं आम्ही देतो, मजुरी बुडणार नाही ते बघते, असं सांगितलं. शेवटी कारखान्याच्या चिटबॉयने फडाचा पत्ता दिला. आम्ही पोचलो तेव्हा बाई कोपीसमोर मोळ्या बांधायला वाढं निवडत होती आणि बाळ आत झोळीत होतं. पिवळसर, मऊ, शांत. ती म्हणाली, "लेकरू लई गुणाचं हाय मॅडम, रडतच न्हाई. आठवण करून दूध पाजावं लागतंय."

हे वाक्य मी त्याआधीही ऐकलं होतं आणि नंतरही पुष्कळदा ऐकलं. थायरॉइड कमी असलेलं बाळ आईला त्रास देत नाही. ते भुकेने किंचाळत नाही, रात्री जागवत नाही, सगळे त्याचं कौतुक करतात. कावीळ लांबते, शी दोन-दोन दिवस होत नाही, बेंबी थोडी वर येते, रडलंच तर आवाज घोगरा येतो. यातलं एकेक लक्षण घरातल्या कुणाला काळजीचं वाटत नाही. जन्मतः तर बहुतेक बाळांत काहीच दिसत नाही, कारण पोटात असताना आईचं हार्मोन थोडंबहुत पोचत असतं. लक्षणं ठळक होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. त्या दिवशी त्या बाईला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. आपण ज्याला गुणाचं म्हणत होतो तो आजार होता हे ऐकणं कुठल्याही आईला जड जातं. त्यामुळे पुढे मी सांगण्याची सुरुवातच बदलली. आधी सांगते की तुमचं काही चुकलेलं नाही, खाण्यापिण्यामुळे किंवा ग्रहणात बाहेर पडल्यामुळे हे झालेलं नाही, ग्रंथी नीट तयार झाली नाही किंवा तिला हार्मोन बनवता येत नाही. मग औषधाचं.

औषध म्हणजे थायरॉक्सिनची गोळी, बाळाच्या वजनाप्रमाणे, दर किलोला १० ते १५ मायक्रोग्रॅम. चमच्यात कुस्करायची, आईच्याच दुधाच्या दोन-चार थेंबांत कालवायची आणि लगेच पाजायची. बाटलीभर दुधात टाकली तर बाळाने दूध अर्धवट टाकल्यावर किती गोळी पोटात गेली ते कळत नाही. त्या बाईने ते माझ्यासमोर तीनदा करून दाखवलं. लिहितावाचता येत नव्हतं, पण हात अतिशय नेटका होता. हंगाम संपून पट्टा पडल्यावर ती गावी गेली तेव्हा तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी दिली, आशाताईंचा नंबर घेतला. पुढच्या हंगामात ती आपणहून आली. मुलगा काठीला धरून उभा राहत होता.

सगळे असे सापडत नाहीत. एका बाळाचा शोध लागेपर्यंत ते मान धरायच्या वयाच्या पुढे गेलं होतं आणि मान धरत नव्हतं. त्याच्यावरही उपचार केले, शरीराची वाढ सुधारली, बाकीचं सगळं भरून आलं नाही. त्या आईला दर भेटीत काय सांगायचं याचं प्रशिक्षण कुणी देत नाही. मी तिच्याजवळ बसत असे.

या धावपळीतून आमच्या नोंदवहीत एक रकाना वाढला. पत्ता विचारण्याऐवजी आता आम्ही विचारतो, येते दोन महिने तुम्ही कुठे असाल? माहेरी, सासरी, फडावर, वीटभट्टीवर की मुंबईला दिराकडे? नंबर तीन घेतो, स्वतःचा, माहेरचा आणि गावातल्या आशाताईंचा. ज्यांना ४८ तास थांबणं शक्यच नाही त्यांच्यासाठी नाळेतलं रक्त घेण्याची पद्धत आहे. ते जन्माच्या क्षणीच घेतलेलं असल्यामुळे त्या उसळीचा प्रश्न येत नाही. त्यासाठी मात्र प्रसूतिकक्षातल्या सिस्टरला, रात्री तीन वाजता, दोन बाळंतपणं एकाच वेळी चालू असताना, एक नळी जास्त भरावी लागते. ती सिस्टर आपल्या बाजूला असली तर प्रकल्प चालतो. तिला आपण कधी विचारलं, कधी चहा घेतला, तिच्या ड्यूटीच्या वेळा कधी समजून घेतल्या, यावर ते अवलंबून असतं.

मूल तीन वर्षांचं झालं की आणखी एक अवघड वळण येतं. काही मुलांत ही कमतरता तात्पुरती असते. ते ओळखण्यासाठी गोळी महिनाभर थांबवून रक्त तपासायचं. तीन वर्षांआधी हे करत नाहीत, त्यानंतर मात्र मेंदूच्या वाढीचा नाजूक काळ सरलेला असतो. तीन वर्षं ज्या आईला आम्ही बजावलं की एक दिवस चुकवायचा नाही, तिलाच आता म्हणायचं, महिनाभर देऊ नका. "चालतंय ते चालू द्या की," असं बहुतेक जणी म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतंही. मग एकेकीला घेऊन बसावं लागतं. तारीख ठरवायची, मधे दोनदा फोन करायचा, मूल मंद वाटलं तर थांबायचं नाही, लगेच यायचं. काहींची गोळी कायमची सुटते. बाकीच्यांना निदान कळतं की ही जन्माची सोबत आहे आणि मग त्या पुन्हा कुणाच्या सांगण्यावरून ती बंद करत नाहीत.

संमतीपत्राबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं. कळा येत असताना संमती मागायची नाही, हा आमचा नियम. गरोदरपणाच्या तपासणीला येतात तेव्हा बोलायचं, बाळंतपणानंतर पुन्हा बोलायचं. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठा असेल तर प्रकल्पाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर पाहिजे. त्याने पूर्ण ऐकलेलं पाहिजे. वॉर्डातल्या मामांना बोलवून कागद पुढे सरकवणं म्हणजे साक्षीदार नव्हे. सासूबाई विचारतात, रक्त विकता का? नवरा विचारतो, पुढे काही झालं तर हॉस्पिटल हात वर करणार का? हे प्रश्न विचारणारी माणसं मला आवडतात. २०१३ नंतर भरपाईचे नियम आले, नवीन औषधांच्या काही चाचण्यांत संमतीचं चित्रीकरण करावं लागू लागलं, २०१९ मध्ये नवी नियमावली आली. कागद वाढले हे खरं आहे. पण त्याआधीच्या काळात पाच मिनिटांत उरकलेल्या सह्या मी बघितल्या आहेत, त्यामुळे या कागदांबद्दल मी तक्रार करत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. लोक आमच्यावर फार विश्वास टाकतात. "मॅडम, मला तुमच्या प्रोजेक्टात घ्या, तिथं औषध चांगलं मिळतं." मी सांगते की कुणाला कुठली गोळी हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार आहे, काहींच्या गोळीत औषधच नसेल, आणि कुणाला काय मिळालंय ते मलाही माहीत नसेल, डॉक्टरांनाही नसेल. मान डोलते. मग मी म्हणते, आता मला उलट सांगा, काय समजलं? "तुम्ही देताय म्हणजे चांगलंच असणार." पुन्हा पहिल्यापासून. हा विश्वास तोडायचा नसतो आणि त्याचा फायदाही घ्यायचा नसतो. उपचारासाठी आलेल्या माणसासमोर संशोधक म्हणून उभं राहणं डॉक्टरांनाही जमायला वेळ लागतो. आमच्या विभागात एका वरिष्ठ डॉक्टरांनी पद्धत घातली की स्वतःच्या रुग्णाची संमती स्वतः घ्यायची नाही, दुसऱ्याने घ्यायची. रुग्णाला नाही म्हणणं त्यामुळे सोपं झालं. नकार वाढले. ते बरंच झालं असं मी मानते.

मोठ्यांच्या थायरॉइडच्या चाचण्यांत गोळ्या मोजण्याचं काम असतं. रुग्ण डबी परत आणतो, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, किती घेतल्या ते लिहायचं. एक बाई दर खेपेला अगदी बरोबर मोजून गोळ्या आणत. टीएसएच मात्र चढतच होतं. मात्रा वाढवायचा विचार सुरू झाला. मी त्यांना म्हटलं, काकू, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. उठणं, पाणी तापवणं, देवपूजा, मग चहा, चहाबरोबर थायरॉइडची गोळी, आणि विसरायला नको म्हणून लगोलग कॅल्शियमची आणि लोहाचीही. तिन्ही गोळ्या एका वाटीत. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिन आतड्यात शोषू देत नाहीत, त्यात चार तासांचं अंतर हवं. चहा-दुधाच्या आधी निदान अर्धा तास, शक्य तर तासभर आधी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची. मात्रा होती तीच ठेवली, सहा आठवडे थांबलो. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे त्याआधी पुन्हा तपासून काही कळत नाही. टीएसएच जागेवर आलं. तेव्हापासून मी "गोळी घेता का?" असं विचारणं सोडलं. त्याला सगळे हो म्हणतात.

असे कितीतरी प्रकार. संकष्टीला आणि एकादशीला गोळी न घेणारे लोक आहेत, कारण उपास निर्जळी. जावेची गोळी संपली म्हणून आपल्यातल्या दहा तिला देणारी बाई आहे, डबीतला हिशोब जुळावा म्हणून स्वतः तितके दिवस न घेणारी. एका कॉलेजच्या मुलीचा अहवाल थायरॉइड खूप वाढल्यासारखा आला. हात थरथरत नव्हते, नाडी शांत, वजन जसंच्या तसं. डॉक्टरांनी विचारलं, केसांसाठी काही घेतेस का? ती बायोटिनच्या भरपूर मात्रेच्या गोळ्या घेत होती, आणि तपासणीच्या काही पद्धतींत बायोटिनमुळे आकडे चुकतात. काही दिवस ते बंद करून रक्त घेतलं, सगळं ठीक. आता आमच्या प्रश्नावलीत केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांचा प्रश्न आहे. उणे ८० अंशांच्या फ्रीझरवर, वीज गेली की वाजणाऱ्या घंटेवर आणि जनरेटरच्या डिझेलवर मी कितीही लिहू शकेन, पण नमुना फ्रीझरमध्ये पोचण्याआधी माणसाच्या सकाळी काय घडलं हे कळलं नसेल तर तो गोठवून काय उपयोग?

मिठाचं काम मला सगळ्यात आवडलं. गरोदर बायकांच्या शरीरात आयोडीन पुरेसं आहे का हे बघण्यासाठी लघवीचे नमुने घेत होतो, त्याच्या जोडीला घरोघरच्या मिठाची चाचणी. चिमूटभर मीठ बशीत घ्यायचं, वर रसायनाचा थेंब टाकायचा. आयोडीन असेल तर मीठ बघता बघता जांभळं-निळं होतं. शेजारपाजारच्या बायका, पोरं जमत. प्रत्येकीला आपलं मीठ तपासून हवं असे. पुड्यातलं मीठ गडद निळं, बाजारातलं सुटं खडे मीठ पांढरंच्या पांढरं, उपासाचं सैंधव बहुधा तसंच. वापरणाऱ्याच्या घरी मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं असा तेव्हा नियम होता, कारखान्यात ३० भाग. २००० मध्ये आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठावरची बंदी उठवली होती, २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. हे आम्ही त्या अंगणात सांगत असू, पण लोकांना पटवलं ते त्या निळ्या रंगाने. ज्या घरचं मीठ पांढरं राही त्या घरची बाई खालची मान घाली, म्हणून मग आम्ही चाचणी घराच्या आत करायला लागलो.

त्या काळात एका डॉक्टरांनी मला कांगडा खोऱ्याची हकीकत सांगितली आणि ती मी नंतर शोधून वाचली. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या त्या खोऱ्यात १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं. शाळकरी मुलांत गलगंडाचं प्रमाण सुमारे ३८ टक्के होतं. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, एका प्रकारात आयोडाइड, दुसऱ्यात आयोडेट, आणि तिसऱ्या भागाला साधं मीठ. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंड बराच उतरला, तिसऱ्यात होता तसाच राहिला. मग तिसऱ्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आलं. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला त्यामागे हे काम होतं. १९७३ च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत देव आणि करमरकर ही आपल्याकडची आडनावं दिसली तेव्हा मला आनंद झाला. पण माझं मन अडकलं ते तिसऱ्या भागातल्या लोकांत. त्यांच्या गळ्यावरच्या गाठी तशाच राहिल्या म्हणून साऱ्या देशाला कळलं की मिठातलं आयोडीन काम करतं. त्यांना पुढे मीठ मिळालं. ते का मिळालं, आधी का मिळालं नव्हतं, हे त्यांना कुणी बसून सांगितलं असेल का, हा विचार तेव्हापासून माझ्या मागे लागला.

तो प्रश्न मला प्रत्यक्ष विचारला एका आजींनी. ज्या वयस्कर माणसांचं टीएसएच थोडं वाढलेलं असतं पण थायरॉक्सिन ठीक असतं, अशांना गोळीचा फायदा होतो का, हे बघणाऱ्या एका चाचणीत त्या होत्या. दर भेटीला नऊवारीच्या ओच्यात डबी बांधून आणायच्या. गोळी लागू पडली, गुडघे हलके झाले, असं सांगायच्या. शेवटची भेट झाली, रक्त घेऊन झालं, मी त्यांना धन्यवाद म्हटलं. त्या उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "ते झालं. मग तुमचं काय निघालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि असणं शक्यही नव्हतं. कुणाला कुठली गोळी हे गुपित उघडायला, आकडेमोड व्हायला वेळ लागतो. पण नंतर आकडेमोड झाली तेव्हा आजींना कळवायची सोय प्रकल्पात कुठेच नव्हती. डॉक्टरांच्या परिषदेसाठी पैसे होते, छपाईसाठी होते. हेलसिंकी जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की सहभागी झालेल्यांना अभ्यासाचा निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. तो जाहीरनामा आमच्या प्रत्येक प्रकल्पाच्या अर्जात पहिल्या पानावर असतो.

वयस्करांच्या थोड्या वाढलेल्या टीएसएचला गोळी हवी का, याच प्रश्नावर २०१७ मध्ये युरोपातल्या चार देशांतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला होता. ६५ च्या पुढची ७३७ माणसं, आणि वर्षभराने तक्रारींत औषधाची गोळी घेणाऱ्यांत आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत फरक नाही. आमच्या निकालाचा कलही तोच होता. असा निकाल मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे थोडं वाढलेलं टीएसएच दिसलं की जन्मभराची गोळी सुरू होते. म्हाताऱ्या माणसाला ती गरजेपेक्षा जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात.

मी विभागप्रमुखांच्या मागे लागले आणि आम्ही एका रविवारी चाचणीतल्या सगळ्यांना बोलावलं. चहा, पोहे, आणि डॉक्टर साध्या मराठीत बोलले. ज्यांच्या डबीत औषध नव्हतं त्यांना तसं एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं. त्या आजी त्यांतल्याच होत्या. "पण गुडघे बरे होते की माझे," एवढंच म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. दर सहा आठवड्यांनी येणं, चालणं, कुणीतरी विचारपूस करणं यात माणसाला बरं वाटतं. एक काका उसळून बोलले, इतकं रक्त दिलं ते वायाच गेलं म्हणायचं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की तुमच्यामुळे उद्या कुणाला विनाकारण गोळी लागणार नाही. काका ऐकून घेत होते, पूर्ण पटलं असं दिसलं नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "मग माझ्या सुनेचीही गोळी बंद करते."

त्या क्षणी सभागृहातले आम्ही सगळे दचकलो. सून तिशीची, दिवस राहावेत म्हणून तिचे उपचार चालू, टीएसएच खूपच जास्त. तिच्यासाठी ही गोळी अत्यावश्यक. निष्कर्ष सांगणं म्हणजे एक वाक्य सांगणं नव्हे हे तिथे समजलं. हा निकाल कुणाला लागू आहे आणि कुणाला नाही हे आधी सांगितलं पाहिजे, आणि घरी जाऊन कुणाची तरी गोळी बंद होणार नाही याची खात्री करूनच माणसांना दारातून सोडलं पाहिजे. डॉक्टर पुन्हा उभे राहिले आणि तेवढ्यासाठी आणखी तासभर बोलले. त्या बाईंच्या घरी मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि सुनेशी बोलले.

आता प्रत्येक प्रकल्प संपला की आम्ही दोन पानी पत्र काढतो, मोठ्या टायपात. वरच्या अर्ध्या पानावर काय बघत होतो आणि काय दिसलं. त्याखाली चौकटीत, हे कुणाला लागू नाही. मागच्या पानावर विभागाचा नंबर आणि मंगळवारची वेळ. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोन. फोनचं काम मी आणि दोन समाजसेविका वाटून घेतो. बाळांच्या प्रकल्पात तर निरोगी निघालेल्या हजार घरांनाही कळवावं असं माझं म्हणणं आहे. टोचलं त्यांच्याही टाचेला. त्यांच्यापैकी कुणीही विचारायला येत नाही, म्हणून ते राहून जातं.

पुढच्या महिन्यात नव्या प्रकल्पाचा अर्ज नैतिक समितीपुढे आहे. त्यात निष्कर्ष कळवण्याच्या खर्चाची ओळ मी वेगळी घातली आहे, टपाल, फोन आणि एका सभेच्या चहापोह्यांसकट. मागच्या खेपेला अनुदान देणाऱ्यांनी ती काटली होती. या वेळी समितीनेच ती सक्तीची करावी असं पत्र मी अर्जाला जोडलं आहे, आणि बैठकीत दहा मिनिटं बोलायची परवानगी मागितली आहे.